एक खाडा चालेल, सलग दोन नाही: विशी-पंचविशीत वजन उतरवताना उत्साह कसा टिकवायचा

माझी आई गेली कित्येक वर्षं दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठेवते. दूध आलं तर काही लिहायचं नाही. आलं नाही तर त्या तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात ‘खाडा’. महिनाअखेरीस खाडे मोजायचे आणि तेवढे पैसे वजा करायचे. महिन्यात चार खाडे पडले म्हणून तिने कधी दूधवाला बदलला नाही, आणि खाड्याच्या दुसऱ्या दिवशी दूध यायचंही थांबलं नाही.

वजन उतरवायला निघालेली आपल्या वयाची मुलं-मुली नेमकं याच्या उलट वागतात. मीही वागले. एक दिवस चुकला की ‘आता सोमवारपासून’, सोमवार हुकला की ‘एक तारखेपासून’, तीही गेली की पाडवा आहेच.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. नोकरीसाठी पुण्यात आले, कर्वेनगरला तिघींत एक फ्लॅट, ऑफिस हिंजवडीला, जाण्यायेण्यात रोजचे तीन तास कंपनीच्या बसमध्ये. चोविसाव्या वर्षी १५८ सेंटिमीटर उंचीला माझं वजन ७८ किलो होतं. त्याआधी दोन प्रयत्न फसले होते. पहिल्या वेळी जानेवारीत जिमचं वर्षाचं पॅकेज घेतलं, १४,००० रुपये भरले आणि ११ दिवस गेले. दुसऱ्या वेळी मावसबहिणीच्या लग्नाआधी सकाळी फक्त फळं आणि रात्री फक्त सूप. पाच आठवड्यांत ६ किलो गेले, केस मुठीने गळायला लागले, आणि लग्नानंतर चार महिन्यांत ७ किलो परत आले.

तिसऱ्या प्रयत्नाला सोळा महिने लागले. ७८ वरून ६४ किलो झाले आणि दोन वर्षं तिथेच आसपास आहे. या सोळा महिन्यांत खाडे भरपूर पडले आणि ते सगळे माझ्याकडे लिहिलेले आहेत. हा लेख त्या कॅलेंडरांवरूनच लिहिते आहे.

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी

तीन गोष्टी मोजा: वजन, उंची आणि कमरेचा घेर. घेर शिंप्याच्या टेपने, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता घ्यायचा. आपल्याकडच्या लोकांच्या शरीरात त्याच वजनाला चरबीचं प्रमाण जास्त असतं, म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याची) मर्यादा कडक धरतात: २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे स्थूलता. घेर बायकांचा ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत असावा. माझा बीएमआय ३१ आणि घेर ९६ होता.

मग एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. रक्तातली साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन एवढं तरी तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर पीसीओडी या बीजकोशांच्या तक्रारीबद्दल विचारा. गुडघा दुखत असेल, चढताना छातीत दुखत असेल, कसली गोळी चालू असेल तर आधी ते सांगा. थायरॉइड कमी असलेल्या एका मैत्रिणीने सात महिने स्वतःला आळशी म्हणवून घेतलं. दोष तिच्या स्वभावात नव्हता.

पहिलं लक्ष्य आजच्या वजनाच्या ५ टक्के ठेवा. माझ्यासाठी ते ४ किलो होतं. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सुधारायला सुरुवात होते. वेग आठवड्याला साधारण अर्धा किलो. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे अर्ध्या किलोसाठी रोज सुमारे ५५० कॅलरींची तूट लागते, खर्चापेक्षा तेवढ्या कॅलरी कमी खायच्या. ही तूट उपाशी न राहता पाडता येते. याच्या दुप्पट वेगाने जायला गेलात की भूक तुम्हाला हरवते. मनाचा निश्चय कितीही पक्का असू दे, तिथे तो पुरा पडत नाही.

आणि कारण लिहून ठेवा. एकच, आणि शरीराने काहीतरी करून दाखवण्याचं. लग्न, फोटो, कुणाला तरी दाखवून देणं ही कारणं लवकर संपतात, लग्न उरकलं की कारणही उरकतं. मी पुण्यातल्या पर्वती टेकडीबद्दल लिहिलं होतं: ‘पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता.’ पहिल्या दिवशी मी तीनदा थांबले होते.

हजेरी कशाला म्हणायचं ते ठरवा, आणि ते लहान ठेवा

सगळ्यात जास्त विचार इथे करा, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. उत्साहाच्या दिवशी बेत आखतात: पहाटे साडेपाचला उठायचं, तासभर पळायचं, आल्यावर व्यायाम. त्या दिवशी ते जमतंही. पण बेत आखायचा तो सगळ्यात वाईट दिवसासाठी. बस चांदणी चौकात दीड तास अडकलीय, पाळीचा पहिला दिवस आहे, मॅनेजरने चारचौघांत सुनावलंय, घरी पोहोचायला साडेनऊ झालेत. त्या दिवशीही जे जमेल ती हजेरी.

माझी हजेरी म्हणजे शतपावली. रात्रीच्या जेवणानंतर १० मिनिटं चालणं, बस. आपल्या आजी-आजोबांची ही सवय आपण टीव्ही आणि मोबाइलपायी सोडून दिली. जेवल्यावर थोडं चाललं की रक्तातली साखर एकदम चढत नाही, हा तिचा वेगळा फायदा. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, अगदी खोलीत फेऱ्या मारल्या तरी हजेरी लागते. त्यापुढे अर्धा तास चाललात, टेकडी चढलात तर उत्तमच, पण हजेरी १० मिनिटांनीच लागते.

लहान म्हणजे नुसतं कमी नव्हे, ते एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधलेलंही हवं. ‘वेळ मिळाला की’ असं ठरवलं तर वेळ मिळत नाही. जेवणाचं ताट घासून ठेवलं की चपला घालायच्या, असं ठरवलं की ताट घासताना पाय आपोआप दाराकडे वळायला लागतात. किती दिवसांनी? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी तपासल्या होत्या, २००९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे ऐकून बाविसाव्या दिवशी स्वतःवर चिडायचं कारण नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला आकड्यांपेक्षा मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

आता कॅलेंडर. भिंतीवरचंच घ्या. मोबाइलमधलं ॲप बंद करता येतं, भिंत समोर राहते. आईसारखंच करा: हजेरी लागली तर चौकट कोरी, चुकली तर ‘खाडा’. मी आधी रोज बरोबरची खूण करून पाहिली होती. वीस खुणांची माळ एकविसाव्या दिवशी तुटली की सगळंच तुटल्यासारखं वाटायचं. खाडे मोजले की महिन्याकाठी हातात पाच-सहा असा छोटा आकडा येतो आणि उरलेले पंचवीस दिवस आपण आलो होतो हे दिसतं.

याचे नियम तीनच आहेत.

एक खाडा चालेल, सलग दोन नाही. दुसऱ्या दिवशी ताप नसेल तर १० मिनिटं निघायचंच.

खाड्याची भरपाई करायची नाही. दूधवाला दुसऱ्या दिवशी दोन लिटर आणून ओतत नाही. काल चुकलं म्हणून आज दोन तास चालणं किंवा आज जेवण टाळणं यातून तिसऱ्या दिवशीचा खाडा तयार होतो.

खाड्याशेजारी एका शब्दात कारण लिहायचं: बस, पाऊस, पाहुणे, कंटाळा, रडू. सहा आठवड्यांनी ते शब्द वाचा. माझे निम्म्याहून जास्त खाडे गुरुवारचे निघाले. गुरुवारी रात्री परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉल असायचा, जेवण लॅपटॉपसमोर, नंतर थेट झोप. गुरुवारची शतपावली मी दुपारच्या जेवणानंतर ऑफिसच्या आवारात नेली. पुढच्या तीन महिन्यांत गुरुवारचे दोनच खाडे. मी तोवर याला माझा आळस समजत होते.

पहिले आठ आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त शतपावली. खाण्यात काही बदलू नका, जिमकडे बघू नका. हे सोपं वाटेल आणि जास्त करावंसं वाटेल. ते ‘जास्त करावंसं’ शिल्लक राहू द्या.

तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातले तीन दिवस अर्धा तास भरभर चालणं. भरभर म्हणजे शेजारच्याशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतकं. पुण्यात असाल तर तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी आहेत, कोल्हापुरात रंकाळा, साताऱ्यात अजिंक्यतारा, मुंबईत शिवाजी पार्क. मुलींनी अंधारात एकटीने टेकडीवर जाऊ नये, उजाडल्यावर आणि वर्दळीच्या वाटेनेच जावं. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, तरी सांगते.

पाचव्या आठवड्यापासून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, ते टिकवायचे तर त्यांना काम द्यावं लागतं. बैठका, भिंतीला हात टेकून आणि मग जमिनीवर जोर, पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी उचलणं, आणि सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. ते औंध साताऱ्याकडचं, पुण्यातलं नव्हे. दिवसाला १०८ घालण्याच्या गोष्टी ऐकून घाबरू नका. मी चार घालून सुरुवात केली, सहा महिन्यांनी चोवीस झाले. मनगट किंवा कंबर दुखत असेल तर जाणत्या माणसासमोर एकदा घालून दाखवा.

आठव्या आठवड्यापर्यंत तुम्ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेल्या मापाच्या जवळ पोहोचता: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा. मोबाइल रोज १०,००० पावलांचा आग्रह धरतो. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. सहा-सात हजारांवर थांबलात तरी काही बिघडलेलं नाही.

जिम लावायची असेल तर यानंतर लावा आणि महिन्याचेच पैसे भरा. वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं हे खरं, पण तीन महिने सलग गेल्यावरच ते घ्या. घरापासून किंवा बस-स्टॉपपासून दहा मिनिटांच्या आतली जिम निवडा, मशिनं थोडी जुनी असली तरी.

ताट

७८ किलोचं माणूस अर्धा तास भरभर चाललं तर साधारण १४० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात अडीचशे ते तीनशे असतात. सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने चढून गेलात आणि वर कांदाभजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही असं पोटभर जेवलात तर चढणीचा खर्च तिथेच भरून निघतो. गड चढू नका असं मी म्हणत नाही, भजीही खा. पण व्यायामाने दम, झोप आणि मन सुधारतं आणि वजन मुख्यतः ताटात कमी होतं, हे एकदा नीट समजलं की ‘एवढं चालूनही काटा हलत नाही’ ही निराशा येत नाही. उत्साह मोडणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही निराशाच आहे.

ताटातही एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे तो बसू द्या.

मी चहापासून सुरुवात केली. ऑफिसात आणि घरी मिळून पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी, त्यात पोट काही भरत नाही. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास आली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मी साखर एका चमच्यावर आणली आणि कप तीनवर. चहा सोडला नाही. चहा सोडला असता तर टपरीवरच्या मैत्रिणीही सुटल्या असत्या, आणि त्या मला वजनापेक्षा मोलाच्या होत्या.

मग तेल. कॅलेंडरवर आणखी एक नोंद सुरू केली: तेलाची पिशवी कोणत्या तारखेला फोडली. आम्हा तिघींना एक लिटर तेल आठ दिवस पुरायचं. म्हणजे माणशी रोज ४० मिलिलिटरच्या पुढे, सुमारे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. फोडणी बाटलीने न ओतता चमच्याने मोजून घालायला लागलो आणि तीच पिशवी चौदा दिवस जायला लागली. माणशी दीडशेच्या आसपास कॅलरी कमी झाल्या आणि भाजीची चव बदलली असं तिघींपैकी कुणीच म्हटलं नाही. मेसचं जेवत असाल तर भाजीवरचा तवंग बाजूला करा, आणि मेसच्या काकूंना ‘माझ्या पोळ्यांना वरून तेल नको’ असं सांगा. एकदा सांगितलं की त्या लक्षात ठेवतात.

तिसरं म्हणजे प्रथिनं. डब्यात बहुधा बटाट्याची भाजी, पातळ आमटी, तीन पोळ्या आणि भात असतो. पोट भरतं, पण दोन तासांनी पुन्हा भूक लागते. रोज आपल्या वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं मिळतील असं बघा. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, मुठीएवढ्या फुटाण्यांत सहा, वाटीभर घट्ट उसळीत सात-आठ. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांच्या ५० ग्रॅममध्ये पंचवीस, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला त्याहून स्वस्त काही नाही. मी रविवारी मूग, मटकी, चवळी भिजवून मोड आणून ठेवायचे. संध्याकाळी सहाची भूक सगळ्यात धोक्याची असते, त्या वेळेसाठी बॅगेत फुटाण्यांची डबी. ती विसरले त्या दिवशी समोसा खाल्ला, हेही कॅलेंडरवर आहे.

भात बंद करू नका, पोळी बंद करू नका. जे जन्मभर बंद ठेवणार नाही ते आजही बंद करायची गरज नाही. अर्धं ताट भाजी, कोशिंबीर, फळं यांनी भरलं की भात आपोआप मुदीएवढा होतो. उपवासाबद्दल मात्र सावध राहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि तूप. एकादशी आणि दुप्पट खाशी हे उगाच म्हटलेलं नाही. वरई, ताक, राजगिरा, फळं यांवरही उपवास होतो.

झोप या यादीत असायला हवी असं मला आधी वाटत नव्हतं. शिकागो विद्यापीठात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या आणि साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या २१ ते ४० वयाच्या ८० जणांपैकी काहींना फक्त जास्त झोपायला मदत केली, आहाराबद्दल काही सांगितलं नाही. ते सव्वा तासाच्या आसपास जास्त झोपले आणि इतरांच्या तुलनेत दिवसाला २७० कॅलरी कमी खाऊ लागले. रात्री एकपर्यंत मोबाइल बघून दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटणं हा लोभ नाही, थकवा आहे.

काट्याशी कसं वागायचं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर आणि चहाच्या आधी. त्याच काट्यावर, त्याच जागी.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेले तर हुरळू नका. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा आणि पाणी जातं. लग्नात जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसतं, तेही बरंचसं मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न. पाळीच्या आधीच्या दिवसांत माझा काटा दर महिन्याला किलोभर वर जायचा. पाच महिन्यांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्यावर ते कळलं, तोवर दर महिन्याला एकदा रडून झालं होतं. मुलींनो, या पाळीनंतरच्या आठवड्याचं वजन मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी ताडून बघा, मागच्या रविवारशी नको.

काट्याशिवाय आणखी दोन मापं ठेवा. दर पंधरा दिवसांनी कमरेचा घेर, आणि महिन्यातून एकदा तुमची ‘पर्वती’: तोच जिना, तीच टेकडी, किती वेळ लागला आणि किती वेळा थांबलात. तिसऱ्या महिन्यात माझं वजन अवघं दीड किलो उतरलं होतं. पण त्याच महिन्यात मी पर्वतीवरच्या देवदेवेश्वराच्या देवळापर्यंत न थांबता गेले. त्या संध्याकाळी काट्याला महत्त्व द्यायचं की पायांना, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

माणसं

बारीक व्हायला लागलं की लोक बोलतात. आधी ‘अंगावर आलंय गं तुझ्या’ म्हणणाऱ्याच आत्या ‘किती वाळलीस, खात नाहीस का तिकडे?’ म्हणतात. लग्नाचं बघत असतील तर आणखी बोलणी. वाद घालू नका, बेतही सांगू नका. ‘डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय’ या एका वाक्यापुढे आपल्याकडे कुणी जात नाही, आणि डॉक्टरांकडे जाऊन आलात तर ते खरंही असतं. आग्रह होत असेल तर ताटात पहिल्यांदाच थोडं वाढून घ्या आणि शेवटपर्यंत हळू जेवा. रिकामं ताट दिसलं की वाढणारीचा हात थांबत नाही.

सोबत शोधा. आम्ही चौघींनी व्हॉट्सअॅपवर एक गट केला होता. त्यात वजन लिहायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत, रात्री फक्त ‘आले’ किंवा ‘खाडा’ लिहायचं. वजनाची तुलना चौघींपैकी तिघींना दुखवते, कारण शरीरं वेगळी असतात. हजेरी मात्र चौघींची सारखीच असते.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. जेवल्यावर अपराधी वाटून उलटी काढणं, लपून खाणं, दिवसातून पाच-सहा वेळा काट्यावर उभं राहणं, पाळी बंद होणं यातलं काही तुमच्याबाबतीत होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. १४४१६ हा सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

सण आणि पाऊस

जून ते सप्टेंबर टेकड्यांवर चिखल आणि रस्त्यांवर छत्र्या. पावसाळ्यासाठी घरातला बेत मे महिन्यातच ठरवा: जिना चार वेळा वर-खाली, दहा सूर्यनमस्कार, गाणी लावून खोलीत चालणं.

पाठोपाठ गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई. या काळात वजन उतरवायचा हट्ट मी सोडून दिला. तेवढे दिवस वजन आहे तिथे राहिलं तरी पुष्कळ. मोदक ताटावर बसून, सगळ्यांबरोबर, तूप घालून खा. बांधून दिलेल्या डब्यातले रात्री उभ्याउभ्या खाल्लेले चार मोदक टाळा. चकली-शंकरपाळ्यांचा डबा टीपॉयवर ठेवू नका, वाटीत काढून घ्या. आणि हजेरी लावा. आरतीनंतर चार घरचे गणपती चालत जाऊन बघितले तरी ती लागते.

वजन अडकलं तर

चार-पाच महिन्यांनी काटा महिनाभर हलत नाही. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. शरीर हलकं झालं की त्याला कमी कॅलरी लागतात, त्यामुळे आधीची तूट आता तूट राहत नाही. शिवाय चमच्याने मोजलेलं तेल पुन्हा अंदाजाने पडू लागलेलं असतं. आधी आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून बघा. मला त्यात ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक सापडले, आठवड्याला दोन-तीन. लिहूनही काही सापडलं नाही तर दोन-तीन आठवडे वजन आहे तिथेच राहू द्या, पोटभर जेवा, व्यायाम चालू ठेवा, आणि मग पुन्हा थोडी तूट पाडा. माझं ७१ वर नऊ आठवडे अडकलं होतं.

मोठा खंड पडला तर

अकराव्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन झालं आणि मी सव्वा महिना सांगलीला होते. दवाखान्यात रात्री बाकड्यावर झोप, वेळी-अवेळी कॅन्टीनचं खाणं. त्या महिन्याच्या पानावर २३ खाडे आहेत. सलग दोनचा नियम तिथे मोडलाच, मोडायलाच हवा होता.

अशा खंडानंतर परतताना जिथे सोडलं तिथून धरू नका. व्यायाम निम्म्याने सुरू करा, नाहीतर स्नायू दुखावतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा बंद पडतं. पहिला आठवडा फक्त शतपावली. काट्यावर दोन आठवडे उभ्या राहू नका, तो आकडा कळून त्या आठवड्यात काही फायदा नसतो. खाण्यातही पहिल्या बदलापासून, चहापासून सुरुवात करा. गटात खंडाबद्दल माफी मागू नका, फक्त ‘आले’ लिहा.

बाबा घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर माझेही खाडे लिहायला लागले होते, दुधाच्या नोंदीच्या खाली. त्या रात्री जेवणं झाली, ओटा आवरला. आई पेन घेऊन भिंतीपाशी गेली, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “आज दूध आलं होतं. तुझा खाडा लिहू का?”

मी चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत जाऊन आले.